भविष्यातली मशिनं दुरुस्त कोण करतं?

कुठलीही नवी सायन्स फिक्शन सिरीज लावली की पहिल्या दोन भागांत मी एकच गोष्ट शोधत असते: यात कामाला कोण जातं? यानं उडोत, शहरं जमिनीखाली असोत, माणसाच्या मेंदूत चिप बसवलेली असो, माझी कशालाच हरकत नसते. पण त्या यानाचं ग्रीसिंग कोण करतं, जमिनीखालच्या शहराला हवा पुरवणारा पंखा अडकला तर पाना घेऊन कोण धावतं, चिप बनवणाऱ्या कंपनीत रात्रपाळी कुणाच्या वाट्याला येते, हे जिथे दिसतं तिथे मी शेवटच्या भागापर्यंत थांबते. जिथे दिसत नाही तिथे कितीही पैसा ओतलेला असला तरी माझं लक्ष उडतं.

अवकाश, काळ, परग्रहावरची बुद्धी एवढे मोठे विषय समोर असताना तू कामगार कसली शोधतेस, असं एका मैत्रिणीनं मला विचारलं होतं. तिला मी जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते. २०२२ पासून आलेल्या ज्या सिरीज मला मनापासून आवडल्या त्या जवळजवळ सगळ्या कामाविषयी आहेत. सेव्हरन्स ऑफिसविषयी आहे. सायलो एका मेकॅनिक बाईविषयी. अँडोरमधला सगळ्यात गाजलेला तुकडा एका कारखान्यात घडतो. आपल्या संध्याकाळच्या कौटुंबिक मालिकांत नोकरी म्हणजे एक काचेची केबिन आणि तिच्यात येऊन भांडणारे नातेवाईक. काम करताना माणसाचे हात कसे चालतात, साहेबासमोर तो काय काय गिळतो, पाळी संपल्यावर त्याचा चेहरा कसा होतो, हे मला हल्ली परग्रहांवरच्या गोष्टींत पाहायला मिळतं. (पुढे काही कथानकं उघडी होणार आहेत. ज्यांना कोरी पाहायची आहेत त्यांनी बेतानं वाचावं.)

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली. बाबा खाणीच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक होते. डोझर, शॉवेल, टिप्पर, जे बंद पडेल ते त्यांच्याकडे यायचं. आमच्या गावात वेळ कळायची ती खाणीच्या भोंग्यावर. सोप्यावर सकाळी झाडू मारला तरी दुपारी पुन्हा बोटं उमटावीत इतकी लाल धूळ. खनिजमाल टिप्परनं जेटीवर, जेटीवरून बार्जमध्ये, बार्ज मांडवीतून मुरगावच्या बंदराकडे, तिथून जहाजानं आधी जपानला आणि पुढे चीनला. त्याचं पोलाद कुठल्या पुलात, कुठल्या इमारतीत गेलं हे आमच्यापैकी कुणी पाहिलं नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मध्ये थोडा काळ चालल्या, आणि सर्वोच्च न्यायालयानं ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केल्यावर मार्च २०१८ पासून पुन्हा थांबल्या. वर्तमानपत्रात आम्हाला नाव मिळालं, खाण अवलंबित. मी स्वतः एका औषध कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, तीन पाळ्यांत. रात्रपाळीहून आल्यावर झोप लागेपर्यंत जो वेळ असतो तो माझा सिरीज पाहण्याचा.

सेव्हरन्समध्ये ल्यूमन नावाच्या कंपनीतल्या काही कर्मचाऱ्यांच्या मेंदूत चिप बसवलेली आहे. लिफ्टनं खाली गेलं की घर आठवत नाही, वर आलं की काम आठवत नाही. म्हणजे एका शरीरात दोन माणसं, आणि आतल्याच्या वाट्याला फक्त ऑफिस. संध्याकाळी लिफ्टचं दार मिटतं आणि त्याच्या लेखी त्याच क्षणी सकाळी ते उघडतं. मधली झोप, जेवण, रविवार सगळं दुसऱ्याच्या खात्यात जमा. लेखक डॅन एरिक्सन दारं बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होता. कामावर शिरताना, पुढचे आठ तास आपल्याला कळलेच नाहीत तर किती बरं होईल, असं त्याला वाटायचं, त्यातून ही गोष्ट सुचली. हे वाचल्यावर मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली. ही इच्छा पाळीत काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी होते.

आमच्याकडे स्टराइल विभागात जाण्याआधी चेंज रूम असते. मोबाइल, घड्याळ, अंगठी, बांगड्या लॉकरमध्ये. काजळ पुसायचं, लिपस्टिक असेल तर पुसायची. मंगळसूत्रही काढायचं. कोपरापर्यंत हात धुवायचे, बाकाच्या या बाजूला एक पाय उचलून बूट चढवायचा आणि तो पाय पलीकडेच टेकवायचा, मग दुसरा. डोक्यावर हूड, तोंडावर मास्क, डोळ्यांवर गॉगल. आत गेल्यावर आम्ही एकमेकींना चालण्यावरून ओळखतो. टिकली कुठे ठेवायची म्हणून बायका ती लॉकरच्या दाराला आतून चिकटवतात. काही लॉकरांच्या दारांवर लाल, मरून, काळ्या टिकल्यांच्या रांगाच्या रांगा आहेत, त्यातल्या कित्येक नोकरी सोडून गेलेल्यांच्या. सेव्हरन्सचा नायक मार्क लॉकरपाशी उभा राहून आपल्या वस्तू काढून ठेवतो तेव्हा त्या दृश्याला पार्श्वसंगीत नसतं तरी मला चाललं असतं.

या सिरीजमधला मला सगळ्यात हलवून गेलेला प्रसंग डायलनचा. बक्षिसांवर जीव असलेला हा कर्मचारी. चांगलं काम केलं की कंपनी त्याला फुटकळ खेळणी देते, वॉफल पार्टी देते, आणि तो खूश असतो. एका रात्री कंपनी काही चौकशीसाठी त्याचं आतलं मन त्याच्या घरी असतानाच जागं करते. तेवढ्यात एक लहान मुलगा येऊन त्याला बिलगतो. आपल्याला मुलगा आहे हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळतं. त्यानंतर त्या खेळण्यांची किंमत शून्य होते आणि तो बंडाला तयार होतो. दुसऱ्या सीझनमध्ये कंपनी हुशारीनं त्याच्या बायकोची भेट हेच बक्षीस करून टाकते. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी व्यवस्थापन जवळून पाहिलेलं आहे. मिल्चिकचंही तेच. बाकीच्यांवर नजर ठेवणारा हा मधला साहेब, त्याच्या वार्षिक मूल्यमापनात वरचे लोक त्याला दोष देतात की तू अवघड शब्द फार वापरतोस आणि कागदांना क्लिपा उलट्या लावतोस. मग तो एकटा बसून क्लिपा सरळ लावण्याचा सराव करतो. मिल्चिक साकारणाऱ्या ट्रॅमेल टिलमनला २०२५ मध्ये एमी मिळालं ते अशा दृश्यांसाठी मिळालं असं मी धरून चालते.

दुसऱ्या सीझनचा आठवा भाग पुष्कळांना आवडला नाही. कथा पुढे सरकत नाही, ओळखीची माणसं नाहीत, अशी तक्रार मी बरीच ऐकली. मला तो संपूर्ण सिरीजमधला सर्वोत्तम भाग वाटतो. त्यात कोबेल, म्हणजे पहिल्या सीझनमधली त्या ऑफिसची साहेबीण, आपल्या गावी जाते. समुद्रकाठचं एक थंड, ओसाड गाव, जिथे पूर्वी ल्यूमनचा ईथरचा कारखाना होता. कारखाना गेला, माणसं राहिली, आणि ती ज्याची फॅक्टरी होती त्याच ईथरची नशा करत बसलेली. लहानपणी तिथे काम केलेल्या कोबेलनंच ती चिप डिझाइन केली होती आणि श्रेय मालकाच्या घराण्याकडे गेलं, हेही तिथेच कळतं. बंद कारखान्याचं गाव कसं दिसतं याबद्दल त्या भागात एकही भाषण नाही. रंग उडालेली घरं, खोकणारी माणसं, आणि जुन्या सहकाऱ्याला भेटल्यावर दोघांनाही सुरुवात कुठून करायची ते न कळणं. खाणी बंद झाल्यावर आमच्या बाजारपेठेत टायरची दुकानं, गॅरेजं, चहाचे गाडे एकामागोमाग बंद होताना मी पाहिले आहेत. तो भाग मी लागोपाठ दोनदा पाहिला.

सायलोकडे माझं लक्ष बाबांनी वेधलं असं म्हणायला हवं. मे २०२३ मध्ये सुरू झालेली ही सिरीज ह्यू हाउईच्या कथामालेवर आहे, जी त्यानं २०११ मध्ये स्वतःच ई-बुक म्हणून काढली होती. जमिनीखाली १४४ मजल्यांचा एक मनोरा, दहा हजार माणसं, मध्ये एकच गोल जिना. लिफ्ट नाही. बाहेरची हवा विषारी आहे असं सगळ्यांना सांगितलेलं. सर्वांत तळाला मेकॅनिकल विभाग आणि तिथला जनरेटर, ज्याच्यावर सगळ्यांचा श्वास चालतो. तिसऱ्या भागात तो जनरेटर थरथरू लागतो. मी हेडफोन न लावता पाहत होते. बाबा शेजारी पेपर वाचत होते. इंग्रजी संवाद त्यांना पटकन कळत नाहीत. पण मशीनचा आवाज आला तसा त्यांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, "बेअरिंग गेलां ताचें." थोडं पुढे पाहिल्यावर म्हणाले, बेअरिंग नव्हे, आतलं काहीतरी वाकलंय, म्हणून हादरे येतात. आणि मग, "बंद करूंक दिवचे नात ते."

नेमकं तेच घडतं. दुरुस्ती करायची तर जनरेटर थांबवावा लागेल, थांबवला तर संपूर्ण सायलो अंधारात, आणि वरच्या मजल्यावरचे परवानगी देत नाहीत. मेकॅनिक ज्युलिएट ती परवानगी सौद्यात मिळवते: तुम्ही मला शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, करू पाहता ना, मग आधी मला जनरेटर बंद करू द्या. बाबा हे ऐकून सरळ बसले. उत्पादन थांबवायला कुणी तयार नसतं, मशीन चालतंय तोवर चालू दे म्हणतात, आणि मोडलं की मेकॅनिकला विचारतात काल काय करत होतास, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. पुढची दुरुस्ती आम्ही दोघांनी श्वास रोखून पाहिली. टर्बाइनचं वाकलेलं पातं, खाली साठत जाणारी वाफ, तापलेल्या झाकणावर पाण्याचा फवारा मारत पाण्यात उभी असलेली ज्युलिएट. खलनायक नाही, बंदूक नाही. एक मशीन, ठरावीक वेळ आणि माणसं.

त्या सीझनच्या शेवटाविषयी मला जास्तच बोलावंसं वाटतं. बाहेर पाठवलेला प्रत्येक जण काही पावलांत कोसळतो, आणि त्याचं कारण अखेर निघतं पोशाखाच्या सांध्यांना लावलेली टेप. आयटी विभाग मुद्दाम निकस टेप वापरतो. ज्युलिएटच्या पोशाखाला मात्र मेकॅनिकलच्या मैत्रिणीनं ओळख लावून पुरवठा विभागातली चांगली टेप मिळवून दिलेली असते, म्हणून ती टेकडी ओलांडते. एवढ्या मोठ्या गूढाची किल्ली चिकटपट्टीच्या दर्जात ठेवणं हे मला फार मोठं लेखन वाटतं. आमच्याकडे इंजेक्शनच्या बाटलीच्या रबरी बुचाचा नमुना तपासात नापास झाला तर सगळा लॉट अडतो आणि प्रॉडक्शनवाले आमच्या नावानं खडे फोडतात. निकस माल कुणाच्या तरी अंगावर जातो, हे ज्युलिएटच्या जगात फार थोड्यांना माहीत आहे आणि कुणीतरी ते ठरवून करतं आहे. दुसऱ्या सीझनचा वेग मंद आहे हे मान्य. पण बुडालेल्या सायलोत पंप सुरू करण्यासाठी तिला नळीतून हवा घेत खाली उतरावं लागतं तो भाग मला पुन्हा पाहायला आवडेल.

फॉर ऑल मॅनकाइंड २०१९ पासून चालू आहे. सोव्हिएत माणूस चंद्रावर आधी उतरला असता तर, अशी ती सुरू होते. पहिले तीन सीझन वीरांचे आहेत, अंतराळवीर, नियंत्रण कक्ष, झेंडे. चौथ्या सीझनमध्ये, म्हणजे २०२३ च्या शेवटी, कथा मंगळावरच्या वसाहतीच्या तळघरात उतरते आणि तिथे मला ती आपली वाटली. माइल्स नावाचा माणूस समुद्रातल्या तेलविहिरींवर काम करायचा. ऊर्जेचं तंत्र बदललं, तेल संपलं, नोकरी गेली. मंगळावर भरती चालू आहे म्हणून तो जातो. पोचल्यावर कळतं की सांगितलेलं काम नाहीच, पगारातून कापाकापी आहे, आणि अंतराळवीर वरच्या मजल्यावर राहतात तर कामगार खाली दाटीवाटीनं. माझा मावसभाऊ खाणीवर टिप्पर चालवायचा. बंदी आल्यावर त्यानं ट्रक विकला आणि तो क्रूझ जहाजावर लागला. गोव्यात तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, घरटी एक म्हणावा इतका हा जुना धंदा. बोटीवर गेलेल्या माणसाचं कौतुक होतं, फोटोत मागे निळा समुद्र असतो. त्याची केबिन पाण्याच्या पातळीखाली आहे आणि तिला खिडकी नाही हे त्यानं आम्हाला कितीतरी उशिरा सांगितलं. माइल्स आपल्या बायकोशी व्हिडिओवर बोलताना काय काय सांगत नाही ते पाहा, मग मी काय म्हणते ते कळेल. त्या सीझनमधला संपही बरोबर जमला आहे, कारण संपकऱ्यांत एकमत नाही. कुणाला घरी पैसे पाठवायचे आहेत, कुणाला नुसता राग आहे.

द एक्स्पान्सनं हे सगळं आधीच केलं होतं, २०१५ ते २०२२ या काळात. लघुग्रहांवर पिढ्यानपिढ्या राबणारे, पृथ्वीचं वजन सोसू न शकणाऱ्या शरीरांचे बेल्टर. त्यांचे हातवारे मोठे असतात, कारण पोशाखाच्या आत मान हललेली दुसऱ्याला दिसत नाही. ती सिरीज ज्यांनी पाहिली नाही त्यांचा मला हेवा वाटतो, एवढंच सांगते.

आता अँडोर. स्टार वॉर्सशी माझं कधी जमलं नाही. तलवारी आणि घराण्याचं रक्त यात मला गोडी नाही. टोनी गिलरॉयची ही सिरीज दोन सीझनांत, चोवीस भागांत संपते, सप्टेंबर २०२२ ते मे २०२५. तिच्यात तलवारी नाहीत. पहिल्याच काही भागांत फेरिक्स नावाचं भंगार सोडवणाऱ्यांचं शहर दिसतं. सकाळी एक माणूस उंच मनोऱ्यावर चढून ऐरणीवर हातोडे मारतो, ती कामावर जाण्याची वेळ. आणि एका भिंतीवर ओळीनं कामगारांचे हातमोजे टांगलेले. प्रत्येकाचा आपला जोड, आपल्या जागी. त्या भिंतीपुढे कुणी थांबून बोलत नाही, कॅमेराही थांबत नाही, आणि तरी त्या शहराची सगळी इभ्रत तिथे आहे. पुढे तिथला माणूस मेला की त्याच्या राखेची वीट करतात आणि ती शहराच्या भिंतीत बसवतात. सीझनच्या शेवटी, नायकाला वाढवणाऱ्या मार्वाच्या अंत्ययात्रेत हेच शहर उभं राहतं तेव्हा त्या हातमोज्यांमुळे आपल्याला ते खरं वाटतं.

आठव्या भागापासून तुरुंग येतो. पांढरीशुभ्र खोली, अनवाणी कैदी, वीज सोडता येणारी जमीन. सात टेबलं, प्रत्येकावर सात जण, दिवसभर कसले तरी धातूचे भाग जोडायचे. पहिल्या आलेल्या टेबलाला जेवणात चव मिळते, शेवटच्या टेबलाला शॉक. पाळीवरचा मुकादम किनो लॉय, तोही कैदीच. अँडी सर्किसनं हे काम केलंय. आपले दिवस भरत आले आहेत, गप्प राहा, टार्गेट पूर्ण करा, एवढंच त्याचं तत्त्व. सुटका झालेला माणूस दुसऱ्या मजल्यावर पुन्हा आणून टाकला जातो आणि हे कळलेला अख्खा मजला मारून टाकला, ही बातमी त्याच्यापर्यंत येते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी शब्दांत नीट सांगू शकत नाही. ते भाग काय बनवत होते हे सीझन संपल्यावर, नावं येऊन गेल्यावर, काही सेकंदांत दाखवलं आहे. ज्या अस्त्रानं पुढे ग्रह नष्ट होणार त्याचेच. आपण बनवतो ती वस्तू शेवटी कुठे जाते हे कामगाराला कधीच सांगितलं जात नाही, आणि गिलरॉय प्रेक्षकालाही सगळ्यात शेवटी सांगतो.

दुसऱ्या सीझनमध्ये आकाशगंगेवर राज्य करणाऱ्या साम्राज्याला घोरमन या ग्रहाखालचं खनिज हवं असतं. बर्फाळ डोंगरातल्या एका सभागृहात गुप्त बैठक भरते. आधी पडद्यावर घोरमनची फिल्म दाखवतात: तिथलं तलम कापड, ते देणारे कोळी, सुंदर चौक, सुंदर माणसं. फिल्म संपते आणि विषय निघतो की खोदायचं म्हटलं तर हा ग्रह टिकणार नाही, मग तिथल्या लोकांचं काय करायचं, जनमत आधी त्यांच्याविरुद्ध कसं फिरवायचं. पुढे तिथे जो संहार होतो त्याची तुलना मला आमच्या कशाशीही करायची नाही, ते चूक ठरेल. पण ती फिल्म पाहताना मी अस्वस्थ झाले. गोव्याची फिल्म कुणीही डोळ्यांसमोर आणू शकतं: किनारा, चर्च, माड, कार्निव्हल. तिच्यात डिचोली, सत्तरी, सांगे येत नाहीत. डोंगर कापून झालेले पायऱ्या-पायऱ्यांचे खड्डे, त्यात साठलेलं हिरवट पाणी, मातीचे डंप, पावसात त्यांच्यावरून शेतात उतरणारा लाल गाळ, हे कुठल्याच फिल्ममध्ये नाही.

जे आवडलं नाही तेही सांगायला हवं. फाउंडेशनवर डोळे ठरत नाहीत इतकी ती देखणी आहे, आणि लागोपाठ एकाच माणसाच्या प्रती सम्राट होत राहतात ही कल्पना अफलातून आहे. पण त्या महालाबाहेर ट्रिलियनांनी माणसं आहेत असं सांगतात, आणि त्यातलं एकही माझ्या मनात राहत नाही. थ्री बॉडी प्रॉब्लेम नेटफ्लिक्सवर मार्च २०२४ मध्ये आली. तिच्यातला १९६६ चा चीन, बापाला डोळ्यांदेखत मारलेली ये वेन्जिए, जंगलतोडीच्या छावणीतले तिचे दिवस, हा भाग जबरदस्त. त्या मुलीनं परग्रहाला उत्तर का पाठवलं ते हाडापर्यंत समजतं. आजच्या काळातले ऑक्सफर्डचे मित्र मात्र हवेत तरंगतात. एलियन: अर्थ मध्ये पृथ्वी पाच कंपन्यांनी वाटून घेतलेली आहे, पहिला भाग संपला तेव्हा मी फार आशेवर होते, पुढे सगळं एका बेटावरच्या प्रयोगशाळेत आणि एका लहरी अब्जाधीशात आटलं.

ब्लॅक मिररचा एप्रिल २०२५ मधला पहिला भाग मात्र चुकवू नये. वेल्डर नवरा, शिक्षिका बायको. तिला मेंदूचा आजार होतो, एक कंपनी तिचा मेंदू मासिक वर्गणीवर चालू ठेवते. मग प्लॅन बदलतात. स्वस्त प्लॅनमध्ये ती वर्गात शिकवता शिकवता जाहिराती बोलू लागते आणि तिला कळतही नाही. नवरा ओव्हरटाइम करतो, मग ओव्हरटाइम पुरत नाही. घरात कुणाची केमो, कुणाचं डायलिसिस चालू असलेल्या माणसाला या भागात अतिशयोक्ती दिसणार नाही.

माझ्या निकषाला खरं आव्हान दिलं ते प्लुरिबसनं. व्हिन्स गिलिगनची ही सिरीज नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. अवकाशातून आलेल्या संदेशावरून बनलेल्या विषाणूमुळे जगातली जवळजवळ सगळी माणसं एकमन होतात. नायिका कॅरल आणि तिच्यासारखी बारा माणसं तेवढी वेगळी उरतात. एकमन झालेल्यांना प्रत्येकाचं सगळं ज्ञान आहे. कुणीही विमान उडवू शकतं, कुणीही शस्त्रक्रिया करू शकतं. भांडण नाही, चोरी नाही, साहेब नाही, पगार नाही. कॅरल वैतागून म्हणते माझं सुपरमार्केट रिकामं का केलंत, तर ट्रकच्या ट्रक येतात आणि बघता बघता फळ्या भरतात. शेकडो हात, कुणाच्या चेहऱ्यावर थकवा नाही, कुणी कुणाला हाक मारत नाही. ते दृश्य पाहताना मला वाटलं, कामगाराला जे जे हवं असतं ते सगळं इथे आहे. शोषण नाही, वरखाली नाही. मग मला हे भयानक का वाटतंय?

मी यावर पुष्कळ विचार केला. बाबांना आवाजावरून मशीनचं दुखणं कळतं ते वर्षानुवर्षं हात काळे करून, एका वरिष्ठ मेकॅनिकच्या शिव्या खाऊन, दोनदा बोट चेचून कळायला लागलं. प्लुरिबसच्या जगात ते ज्ञान सगळ्यांना आहे आणि ते कुणी कमावलेलं नाही. कामाचा अभिमान कुणालाच नाही, कारण काम कुणाचंच नाही. सिरीजच्या शेवटच्या श्रेयनामावलीत एक ओळ येते की ही माणसांनी बनवली आहे. अनेकांनी ती एआयला मारलेली कोपरखळी म्हणून वाचली. मला ती त्या सुपरमार्केटच्या दृश्याची पुढची ओळ वाटते.

आणि आता मराठीकडे, कारण ही खंत मला बरीच वर्षं आहे. अँडोरचे शेवटचे भाग १३ मे २०२५ ला आले आणि २० मेला जयंत नारळीकर गेले. १९७४ मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावानं, आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, म्हणजे परीक्षकांवर नावाचं दडपण येऊ नये. तिला बक्षीस मिळालं. डिचोलीच्या शाळेत ग्रंथालयाच्या तासाला त्यांच्या कथांसाठी आमच्यात चढाओढ असायची. विज्ञान हे आपल्या भाषेत विचार करण्याची गोष्ट आहे हे मला त्यांच्याकडून कळलं, हे ऋण मोठं आहे. त्यांच्या कथांच्या मध्यभागी शास्त्रज्ञ असे, ते साहजिकच होतं, ते त्यांचं जग. पण त्यानंतरची मराठी विज्ञानकथा त्या प्रयोगशाळेतून फारशी बाहेर पडली नाही असं माझं मत आहे. शास्त्रज्ञ, त्याचा मित्र पत्रकार, एक परिषद, एक शोध. त्या प्रयोगशाळेचा एसी कोण सांभाळतो, काचसामान कोण धुतं, वॉचमनला काय दिसलं, हे अजून लिहायचं राहिलं आहे. आणि मराठीत तशी सिरीज तर नाहीच.

पैसा नाही म्हणून नाही, हे उत्तर मला पटत नाही. सेव्हरन्सचा बराचसा भाग पांढरे पॅसेज आणि चार टेबलं आहे. वास्कोला हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे; अंटार्क्टिकावरच्या भारताच्या मोहिमा तिथून आखल्या जातात. मैत्री आणि भारती या तळांवर हिवाळ्यात जी तुकडी राहते तिच्यात शास्त्रज्ञांबरोबर डॉक्टर असतो, स्वयंपाकी असतो, जनरेटर आणि गाड्या सांभाळणारे मेकॅनिक असतात. महिनोन् महिने जहाज येत नाही, मध्ये काही आठवडे सूर्यही उगवत नाही. खाण बंद झालेला डिचोलीचा एखादा डिझेल मेकॅनिक तिथे हिवाळी तुकडीत गेलाय असं समजा. रात्र संपत नाही, जनरेटरच्या आवाजात त्याला काहीतरी वेगळं ऐकू येतं, आणि शास्त्रज्ञांच्या एकाही उपकरणावर ते उमटत नाही. कुणीतरी हे लिहा. मला लिहिता येत नाही, नाहीतर मीच बसले असते. दशावतारात रात्रभर पेट्रोमॅक्सच्या उजेडात स्वर्ग-पाताळ उभं करणारी माणसं पेडण्यात आहेत, गावोगाव देवळाच्या मंडपात तीन अंकी नाटकं बसवणारी मंडळं आहेत. एक बर्फाळ तळ उभा करणं त्यांना जड जाणार नाही.

यातलं काहीच न पाहिलेल्या माणसानं सुरुवात कुठून करावी, असं मला नेहमी विचारतात. मी अँडोर सांगते, आणि पहिले दोन भाग संथ वाटले तरी आठवा येईपर्यंत सोडू नका असं बजावते. आठ, नऊ, दहा एका बैठकीत पाहा. घरात कुणी फिटर, वायरमन, मेकॅनिक असेल तर सायलोचा तिसरा भाग त्याच्याबरोबर पाहा आणि मध्ये मध्ये थांबवून त्याला बोलू द्या. सेव्हरन्स मात्र पहिल्या भागापासूनच, आणि पहिल्या सीझनचा शेवटचा भाग सकाळची पाळी असेल त्या रात्री लावू नका. झोप येणार नाही.